दिसणे आणि असणे
(प्राथमिक शिक्षकांच्या केंद्र संमेलनातील भाषण)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या भाषणाचा विषय 'दृष्टिभ्रम' असा दिलेला आहे. हा शब्द वाचून आपणांपैकी कित्येकांना जत्रेतला जादूगार किंवा वैशाखातले मृगजळ आठवले असेल. त्यांचा उल्लेख ओघाने येईलही. परंतु माझे प्रयोजन निराळे आहे. 'नीट पाहा आणि मग सांगा' हे वाक्य आपण वर्गात दिवसातून कितीदा उच्चारतो याची गणती नाही. त्यावर मूल जे सांगते ते बरोबर की चूक, याचा निवाडाही आपण तत्क्षणी करून टाकतो. हा निवाडा करण्यापूर्वी, पाहणे हा मुळात काय व्यापार आहे याची थोडी चौकशी शिक्षकाने केलेली असावी, एवढेच मला सांगावयाचे आहे.

प्रथम या फळ्याकडे पाहावे. येथे मी एकीखाली एक अशा दोन आडव्या रेषा काढल्या आहेत. वरच्या रेषेच्या दोन्ही टोकांना बाणाच्या अग्राप्रमाणे आतल्या बाजूस वळलेल्या तिरप्या रेघा जोडल्या आहेत. खालच्या रेषेच्या टोकांना तशाच रेघा, परंतु बाहेरच्या बाजूस फाकणाऱ्या, जोडल्या आहेत. दोहोंपैकी लांब कोणती? खालची असे ज्यांना वाटते त्यांनी हात वर करावेत. (बहुतेकांनी हात वर केले.) आता मागच्या रांगेतील एका गुरुजींनी पुढे यावे, ही सुतळी वरच्या रेषेवर ताणून धरावी, तिच्या दोन्ही टोकांशी खडूची खूण करावी, आणि तीच सुतळी खालच्या रेषेवर धरावी. खुणा अगदी टोकांवर आल्या. दोन्ही रेषा पन्नास-पन्नास सेंटिमीटरच्या आहेत.

आता पुन्हा फळ्याकडे दृष्टी टाकावी. मोजमाप आपल्या डोळ्यांदेखत झाले, शंकेला जागा उरली नाही. तरीही खालची रेषा लांबच दिसते! मीही ही आकृती आजवर पुष्कळदा काढली आहे, आणि आजही मला ती तशीच दिसते. फ्रान्झ म्युलर-लायर या जर्मन विद्वानाने १८८९ साली ती प्रसिद्ध केली. ज्ञान झाले म्हणजे भ्रम जातो, असे आपण गृहीत धरून चालतो. येथे ज्ञान झाले आणि भ्रम मात्र जागचा हलला नाही. आजच्या विवेचनाचे मर्म याच एका गोष्टीत आहे.

आपल्या पूर्वसूरींच्या नजरेतून ही गोष्ट निसटलेली नव्हती. अंधारात पडलेला दोर साप भासणे, हे वेदान्त्यांचे आवडते उदाहरण आपण जाणता. दिवा आणला, दोर दिसला, की साप नाहीसा होतो. मग प्रयत्न केला तरी तो पुन्हा दिसत नाही. परंतु त्यांच्याच ग्रंथांत दुसरेही एक उदाहरण येते. स्वच्छ स्फटिकाजवळ जास्वंदीचे तांबडे फूल ठेवले की स्फटिक तांबडा दिसतो. आणि तो मुळात रंगहीन आहे हे पुरते ठाऊक असूनही, फूल तेथून उचलीपर्यंत तो तांबडाच दिसत राहतो. पहिल्या प्रकारच्या भ्रमाला निरुपाधिक आणि दुसऱ्याला सोपाधिक अशी नावे त्यांनी दिली. तांबड्या स्फटिकाचे कारण बाहेरच्या प्रकाशात आहे आणि आपल्या रेषांचे तेथे नाही, हे खरे. पण जाणूनही न जाणे हा गुण दोहोंत समान आहे. फळ्यावरील रेषा दोर-सापाच्या वर्गात बसत नाहीत, स्फटिकाच्या वर्गात बसतात. वर्गात मात्र आपण बहुधा सर्वच भ्रमांना दोर-साप समजून वागतो, आणि मुलाला म्हणतो, "आता कळले ना? मग आता तरी नीट दिसते ना?"

येथे एक गोंधळ आधी दूर केला पाहिजे. पाण्याच्या बादलीत तिरपी बुडविलेली काठी वाकडी दिसते, आणि उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर दूर पाणी चमकते. ही दोन्ही उदाहरणे दृष्टिभ्रमाच्या धड्यात सरसकट घातली जातात. मला ते योग्य वाटत नाही. तेथे प्रकाशाचे किरणच वळलेले असतात. डोळा आणि मेंदू आपले काम चोख करीत असतात. याची कसोटी सोपी आहे. आज बहुतेकांच्या खिशात छायाचित्र घेणारा मोबाइल आहे. मृगजळाचे छायाचित्र घ्यावे. चमकणारे पाणी त्यातही उतरलेले दिसेल. फळ्यावरील रेषांचे छायाचित्र घेऊन ते पट्टीने मोजावे. रेषा सारख्याच भरतील. जो भ्रम यंत्रालाही होतो तो प्रकाशाचा. जो यंत्राला होत नाही, तो आपल्या आतला.

आतल्या भ्रमांतही काहींचे मूळ प्रत्यक्ष नेत्रात असते. लाल कागदाच्या तुकड्याकडे अर्धा मिनिट टक लावून नंतर पांढऱ्या भिंतीकडे पाहिले, तर निळसर हिरवा तुकडा भिंतीवर तरंगताना दिसतो. दृष्टिपटलाचा जो भाग लाल रंगाने थकला, तो पांढऱ्यातील लाल अंशाला काही काळ पुरता प्रतिसाद देत नाही, हे त्याचे मुख्य कारण. वरवर पाहता हा पोरखेळ वाटतो. परंतु स्वरशास्त्राच्या जुन्या ग्रंथांत 'छायापुरुष' नावाचा एक विधी आहे. सूर्याकडे पाठ करून उभे राहावे, आपल्या सावलीच्या कंठाकडे स्थिर दृष्टीने पाहत राहावे, आणि मग आकाशाकडे पाहावे. तेथे आपल्याच आकाराचा पुरुष दिसतो. तो सर्व अवयवांनिशी दिसला तर शुभ, आणि मस्तकावाचून दिसला तर लवकरच मृत्यू, असे त्याचे फळ सांगितले आहे. आकाशात दिसतो तो थकलेल्या दृष्टिपटलावरील ठसा होय. पाहताना दृष्टी थोडी ढळली की ठसा कोठेतरी पुसट होणारच. एवढ्यावरून एखाद्याने आपल्या आयुष्याचे दिवस मोजावयास लागावे, हे किती शोचनीय! हा विधी काय आहे ते चौथीतले मूल लाल कागदाच्या तुकड्यावरून पुरते समजू शकते. आणि समजले की ते घरी जाऊन सांगतेही.

आता मुख्य भागाकडे वळू. डोळा हा छायाचित्रणाच्या पेटीसारखा आहे, असे आपण मुलांना सांगतो. प्रारंभाला ते ठीक आहे. पण ती उपमा पुढे फार दूर नेता येत नाही. हात पूर्ण लांबवून आपल्या अंगठ्याकडे पाहावे. अंगठ्याच्या नखाएवढ्या भागातच आपली दृष्टी खरोखर तीक्ष्ण असते. बाकीचे सारे अंधूक. तरीही हे सभागृह कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत आपणांस स्पष्ट भासते, कारण डोळा सतत भिरभिरत असतो आणि त्याने आणलेले तुकडे मेंदू जोडून घेत असतो.

त्याहून नवल अंधबिंदूचे. दृष्टिपटलावरील तंतू एकत्र होऊन ज्या जागेतून मेंदूकडे निघतात, तेथे पाहण्याची शक्तीच नसते. फ्रान्समधील मारिओत यांनी १६६० च्या दशकात हे शोधून काढले. कागदावर डाव्या बाजूस एक फुली आणि तिच्या उजवीकडे ८ सेंटिमीटरवर एक काळा ठिपका काढावा. डावा डोळा झाकावा, उजव्याने फुलीकडेच पाहत राहावे, आणि कागद हळूहळू जवळ आणावा. साधारण एका फुटावर ठिपका नाहीसा होतो. आता माझा प्रश्न असा की, ठिपका गेला त्या जागी काय दिसते? भोक दिसत नाही, काळोखही दिसत नाही. तेथे कोरा कागद दिसतो. आखीव कागद घेतला तर ओळी सलग दिसतात. ज्या जागेची कसलीही बातमी मेंदूला मिळालेली नाही, तेथे आसपासच्यासारखेच असणार असे धरून तो रिकामी जागा भरून काढतो, आणि आपण तसे केले हे आपणांस कळूही देत नाही.

जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी एकोणिसाव्या शतकात या व्यापाराला अजाणता केलेले अनुमान असे म्हटले, आणि दीडशे वर्षांनंतरही त्यांची ती कल्पना संशोधकांना उपयोगी पडते आहे. दृष्टिपटलावर पडणारे चित्र सपाट आणि लहानसे असते. जवळची बकरी आणि दूरचा बैल तेथे सारख्याच आकाराचे उमटू शकतात. त्यातून खरे जग कोणते, हे केवळ चित्रावरून ठरविता येणे अशक्य. म्हणून मेंदू प्रकाश, अंतर, शेजारच्या वस्तू आणि पूर्वीचा अनुभव यांचा मेळ घालून सर्वांत संभवनीय असा अंदाज बांधतो. आपण जे 'पाहतो' तो हा अंदाज होय.

अंदाज म्हटले की तो कच्चा असावा असे वाटेल. म्हणून त्याची कर्तबगारीही पाहिली पाहिजे. हा फळा भर दुपारी अंगणात नेऊन ठेवला, आणि पांढरा कागद खोलीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवला, तर उन्हातील काळ्या फळ्यावरून डोळ्याकडे येणारा प्रकाश कोपऱ्यातील पांढऱ्या कागदावरून येणाऱ्या प्रकाशाहून कितीतरी अधिक असतो. तरी फळा काळाच दिसतो आणि कागद पांढराच. कोठे किती उजेड पडला आहे याचा हिशेब मेंदू परस्पर वजा करून टाकतो. तो तसे न करील, तर ढग आला की आईच्या लुगड्याचा रंग पालटेल, आणि संध्याकाळी घरचे माणूस ओळखू येणे कठीण होईल! १९९५ साली अमेरिकेतील एडवर्ड एडलसन यांनी बुद्धिबळाच्या पटासारखी एक आकृती तयार केली. तिच्यात सावलीतले एक फिके घर आणि उजेडातले एक गडद घर ही दोन्ही कागदावर हुबेहूब एकाच करड्या रंगाने रंगविलेली आहेत. पण कोणालाही ती तशी दिसत नाहीत. सावलीतले घर मुळात अधिक फिके असणार, हा मेंदूचा हिशेब त्याला कारण. उन्हातला फळा काळा दाखविणारी जी हुशारी, तीच येथे फसते. दृष्टिभ्रम हा दृष्टीचा रोग नव्हे. ज्या युक्तीने आपण दिवसभर अचूक पाहतो, तीच युक्ती भलत्या ठिकाणी लागू पडली, एवढेच.

मग फळ्यावरील दोन रेषांत कोणती युक्ती फसते? येथे विद्वानांचे एकमत नाही, आणि हा इतिहास मोठा उद्बोधक आहे. इंग्लंडमधील रिचर्ड ग्रेगरी यांनी १९६३ मध्ये असे मांडले की, फाकलेल्या टोकांची रेषा खोलीच्या आतल्या, दूरच्या कोपऱ्यासारखी असते आणि आत वळलेल्या टोकांची रेषा घराच्या बाहेरच्या, जवळच्या कोपऱ्यासारखी. दूरची वस्तू तेवढीच दिसत असेल तर ती मोठी असली पाहिजे, असे मेंदू ताडतो. तसे असेल, तर काटकोनी घरांत न राहणाऱ्यांना हा भ्रम कमी व्हावयास हवा. रिव्हर्स नावाच्या इंग्रज संशोधकाने १८९८ मध्ये टॉरेस सामुद्रधुनीतील बेटांवर, आणि पुढे १९०१-०२ मध्ये आपल्याच देशातील निलगिरीच्या तोडा लोकांत याची परीक्षा पाहिली होती. त्या लोकांना हा भ्रम इंग्रजांपेक्षा कमी होतो, असे त्यांना आढळले. 'रानटी' लोक डोळ्यांच्या बाबतीत सुशिक्षितांपेक्षा अधिक फसतील अशी अपेक्षा बाळगणाऱ्यांना हा चांगलाच धक्का होता. १९६६ साली सेगाल, कॅम्बेल आणि हर्स्कोविट्स यांनी अनेक समाजांची तुलना प्रसिद्ध केली. तीतही अमेरिकेतील शहरवासी सर्वांत अधिक फसणाऱ्यांत निघाले. एवढ्यावरून, भ्रम हा सवयीने शिकलेला असतो, असे पुष्कळांनी ठरवून टाकले.

परंतु २०१५ साली या निष्कर्षाला आपल्याच देशातील मुलांनी प्रश्न केला. पवन सिन्हा यांच्या 'प्रकाश' या उपक्रमात जन्मतः मोतीबिंदू असलेल्या मुलांवर शस्त्रक्रिया करून त्यांना दृष्टी देण्यात येते. अशा ८ ते १६ वर्षे वयाच्या नऊ मुलांना, डोळ्यांवरची पट्टी निघाल्यानंतर लवकरच, याच रेषा दाखविण्यात आल्या. आयुष्यात ज्यांनी घराचा कोपरा कधी डोळ्यांनी पाहिला नव्हता, त्यांनाही फाकलेल्या टोकांची रेषा लांब दिसली! म्हणजे निदान या भ्रमाचा काही अंश तरी पाहण्याच्या अनुभवापूर्वीच मेंदूच्या रचनेत असला पाहिजे. मग समाजासमाजांत फरक का आढळला? हा वाद अद्याप मिटलेला नाही. ज्या प्रश्नावर सव्वाशे वर्षे विद्वान झगडत आहेत, त्यावर वर्गात एका वाक्याचे उत्तर फळ्यावर लिहून मुलांकडून पाठ करून घेऊ नये, एवढे मात्र मी आग्रहाने सांगेन.

लहान मुलांविषयी आणखी एक प्रयोग सांगतो. तो आपल्या व्यवसायाशी फार निगडित आहे. मध्यभागी एक वर्तुळ आणि त्याभोवती मोठी वर्तुळे काढली की मधले लहान भासते. भोवती बारीक वर्तुळे काढली की तेच मोठे भासते. मार्टिन डोहर्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली ४ ते १० वर्षांची मुले आणि प्रौढ यांना अशा आकृत्या दाखविल्या. प्रौढ बेधडक फसले. सात वर्षांखालील मुले मात्र जवळजवळ फसलीच नाहीत. पुढे निराळ्या पद्धतींनी केलेल्या प्रयोगांत काहींना वेगळे निष्कर्ष मिळाले आहेत, त्यामुळे हा शेवटचा शब्द नव्हे. तरीही पहिली-दुसरीच्या वर्गात एखादे मूल "दोन्ही सारखी आहेत" असे म्हणाले आणि आपणांस ती सारखी दिसत नसली, तर आपण पट्टी हाती घ्यावी. मूल मघाशी बरोबरही असू शकेल.

याच्या उलट प्रसंगही घडतो. एका शाळेत इयत्ता चौथीच्या वर्गावर मी मागे बसलो होतो. फळ्यावर हीच आकृती होती. मोजणी झाली, रेषा सारख्या ठरल्या, आणि शिक्षकांनी विचारले, "आता कोणती लांब?" सर्वांनी एका सुरात "दोन्ही सारख्या" म्हटले. एक मुलगी तेवढी म्हणाली, "गुरुजी, खालची लांब दिसते." तिला 'लक्ष कोठे होते?' असे विचारून खाली बसविण्यात आले. त्या वर्गात फळ्याकडे पाहून बोलणारी तेवढी तीच होती. बाकीच्यांनी शिक्षकांच्या चेहऱ्याकडे पाहून उत्तर दिले. त्यांतल्या प्रत्येकाला रेषा असमान दिसत होत्या. त्या दिवशी वर्गातील मुले एवढेच शिकली की, दिसते ते बोलू नये. निरीक्षणाच्या तासाला याहून मोठी हानी ती कोणती?

आपल्या भाषेत 'दिसते' आणि 'आहे' ही दोन क्रियापदे निरनिराळी आहेत. त्यांचा उपयोग करून घ्यावा. 'खालची लांब दिसते' हे विधान खरे आहे. 'दोन्ही सारख्या आहेत' हेही खरे आहे. पहिल्याचा साक्षीदार प्रत्येक मूल स्वतः आहे, आणि त्याला कोणी खोटे पाडू शकत नाही. दुसऱ्याचा साक्षीदार सुतळी आहे. माझी सूचना अशी की, तिसरी-चौथीच्या निरीक्षणवहीत पानाचे दोन भाग करावेत: एकावर 'दिसले', दुसऱ्यावर 'मोजले'. पहिल्या भागात मुलाने जे लिहिले असेल त्यावर लाल शाईची खूण करू नये. दुसऱ्या भागात चूक असेल तर तेथे ती दाखवावी. आणि शक्य तर मुलाकडूनच पुन्हा मोजवून घ्यावे. साहित्य म्हणाल तर सुतळी, पट्टी, दोन भोके पाडलेला पुठ्ठा (आजूबाजूचे रंग झाकून दोन छटा ताडून पाहण्यासाठी), आणि तुरीचे चार दाणे.

तुरीचे दाणे कशाला, असे आपण विचाराल. कोजागरीच्या संध्याकाळी पूर्वेला उगवणारा चंद्र केवढा थोरला दिसतो, आणि दूध आटेपर्यंत माथ्यावर आला की केवढासा! मुलांनी हात पूर्ण लांबवून, एक डोळा मिटून, चिमटीतला तुरीचा दाणा उगवत्या चंद्रासमोर धरावा. एवढा थोरला चंद्र त्या दाण्याआड पुरता दडतो. मध्यरात्री पुन्हा धरावा. तेव्हाही तसाच दडतो. वस्तुतः उगवता चंद्र आपल्यापासून किंचित अधिक दूर असल्यामुळे त्याचे बिंब नाममात्र लहानच असते. अकराव्या शतकातील अरब शास्त्रज्ञ इब्न अल-हैथम यांनी हा फरक आकाशातला नसून पाहणाऱ्याच्या समजुतीतला आहे असे सांगितले होते. त्याचे नेमके कारण काय, यावर मात्र अजून चर्चा चालू आहे. ज्या मुलांना जागणे शक्य नसेल त्यांनी पौर्णिमेच्या मागेपुढे, उगवतीच्या वेळी एकदा आणि निजण्यापूर्वी एकदा पाहिले तरी पुरे.

शेवटी एक व्यावहारिक गोष्ट. हे प्रयोग करताना आकृती ठळक काढावी, आणि मागच्या बाकावरच्या मुलांना आळीपाळीने पुढे बोलवावे. वर्गातील इतर सर्वांना खालची रेषा लांब दिसत असताना एखादे मूल गोंधळून काहीच सांगत नसेल, रेषांची टोके कोठे आहेत हेच त्याला दाखविता येत नसेल, डोळे बारीक करून मान पुढे काढीत असेल, तर त्याला भ्रम होत नाही म्हणून कौतुक करू नये की मंद म्हणून सोडून देऊ नये. त्याला फळा दिसत नाही. त्याच दिवशी त्याला पहिल्या बाकावर बसवावे, पालकांना निरोप द्यावा, आणि आरोग्य तपासणी पथक शाळेत येईल तेव्हा नेत्रतपासणीच्या यादीत त्याचे नाव सर्वांत वर लिहावे.